बेसिनच्या उंचीची चौकट

भिरभिरी जन्मली तेव्हा सुइणीला ती दोनदा झेलावी लागली म्हणतात. एकदा जन्मली तेव्हा आणि एकदा सुइणीच्या हातून निसटली तेव्हा. शाळेच्या फोटोत बाकी सगळ्या मुलींना एकेक डोकं आहे, हिला तीन. फोटोवाला म्हणाला, हलू नका, आणि ही "का?" विचारायला आधी त्याच्याकडे वळली, मग बाईंकडे. नाव तिच्या बाबांनी पाडलं. कागदावर दुसरं काहीतरी आहे, पण कागद कोण बघतो?

आता साठी उलटली तरी बाई एका जागी ठरेल तर शपथ. चहा ती उभ्यानं प्यायची, पेपर चालताना वाचायची. आणि सुरू केलेलं काम संपवायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. घरात एका बाहीचा स्वेटर होता. बैठकीची भिंत दारापर्यंत निळी होती, दारापुढे जुनी पिवळी. निळ्या रंगाचा डबा अजून पलंगाखाली वाळत पडला होता, का तर "उद्या करते".

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ते गेल्यावर त्यांचे चौदा शर्ट थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे राहिले. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिनं शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडीवर घडी घालून ट्रंकेत ठेवले. वर्ष झालं. मग ताईच्या घरी रंगकाम निघालं आणि ट्रंक पंधरा दिवसांसाठी धाकटीकडे आली.

"उघडू नकोस," ताई म्हणाली होती.

भिरभिरीनं पाच दिवस दम धरला. तिच्या हिशेबानं ते पाच महिने झाले. सहाव्या दिवशी फक्त बघायला म्हणून झाकण उचललं आणि दुपार संपेपर्यंत चौदाच्या चौदा शर्टांचे चौकोन झाले होते. हात शिवशिवत होते, कात्री जवळ होती, दुसरं कारण काही नाही. दोन दिवसांत मशीनवर चौकोन जोडून सहा फूट बाय सहा फूट वरचा थर तयार. मधोमध खिसा. बाबा डोळ्याला लावायचं भिंग त्या खिशात ठेवायचे, त्यामुळे तो आंब्याएवढा गोल फुगलेला होता. इस्त्रीनंसुद्धा कधी बसला नव्हता.

मग तिनं आनंदानं ताईला फोन केला.

"ताई, रागावू नकोस हं."

"काय केलंस?"

"आधी म्हण, रागावणार नाही."

"काय केलंस ते बोल."

"बाबांच्या शर्टांची गोधडी करतेय."



"कापलेस?"

"जोडलेतसुद्धा! आता नुसतं ब्लँकेट आणि अस्तर घालून धावदोरा मारायचा."

"सगळे कापलेस?"

"चौदाच्या चौदा."

मुख्याध्यापिका ओरडत नसतात. त्या हळू बोलतात, आणि ते जास्त वाईट. "उद्याचा सोडून पुढच्या रविवारी रंगवाले जातील," ताई म्हणाली. "अकरा वाजता मी तुझ्याकडे येते. शिवून पूर्ण असेल, तर ठेव तुझ्याकडे. मी चकार शब्द काढणार नाही. आणि नेहमीसारखी अर्धवट असेल, तर आहे तशी उचलून नेईन. बाबांचं एक बटणसुद्धा तुझ्या घरात ठेवणार नाही."

फोन ठेवला. भिरभिरी बैठकीत गोल गोल फिरत राहिली. तिचा नवरा खुर्चीत पाय सोडून बसला होता. जन्मभर प्लंबरचं काम केलं म्हणून सगळी गल्ली त्याला नळमास्तर म्हणायची. माणूस इतका संथ की त्याला शिंक यायलाही अर्धा तास लागायचा आणि तेवढ्या वेळात तो रुमाल शोधून, झटकून, घडी करून तयार असायचा.

"अहो, आज वार कुठला?"

"शनिवार."

"म्हणजे आठ दिवस."

"आठ दिवस म्हणजे पुष्कळ," नळमास्तर म्हणाला.

पुष्कळ कसले! दोन दिवस तिनं फरशीवर पसरून शिवायचा प्रयत्न केला. खालचं अस्तर एकीकडे सरकायचं, पोटातलं ब्लँकेट दुसरीकडे, वरच्या शर्टांना चुण्या पडायच्या. आणि गुडघे मोडून बसायचं! दर दहा टाक्यांना ती उठायची, गॅलरीत जाऊन यायची, फ्रिज उघडून काहीच न घेता बंद करायची. सोमवारी संध्याकाळी ताठ उभी राहिली तर गोधडीही तिच्याबरोबर उठली. तिनं ती स्वतःच्या गाऊनला शिवली होती. चांगली वीतभर.

ते सगळं उसवताना तिला रडू आलं. नळमास्तरानं पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"कापड ताणून धरायला चौकट लागते," ती नाक पुसत म्हणाली. "दुकानातली घ्यायची तर तुमचं निवृत्तीवेतन त्यातच शिवावं लागेल. माळ्यावर तुमचे ते पांढरे पाइप पडलेत ना?"

"पडलेले नाहीत. ठेवलेत."

"तेच. काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळा रिकामा झाला. उरलेसुरले इंचीचे पाइप, कोपऱ्यांना लावायचे एल्बो, जोडाला लावायच्या टी, सगळं आतल्या खोलीत आलं. पलंग भिंतीशी उभा केला. नळमास्तरानं कानामागची पेन्सिल काढली, चष्मा चढवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"पाण्याला दाब किती असेल?"

"अहो, गोधडीतून पाणी सोडायचंय का?"

"नाही, पण सवय चांगली." त्यानं एक पाइप उचलून डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं. मग दुसरा. मग पहिला परत.

"नुसते एकात एक खोचायचे," भिरभिरी त्याच्याभोवती फिरत समजावत होती. "चिकटवायचं नाही. काम झालं की सोडून परत माळ्यावर. आणि कापड धरायला काय करायचं, तर जाड पाइपाचे वीतवीतभर तुकडे घ्यायचे, लांबीत चीर द्यायची, की झाली चिमटी. पाइपावर कापड गुंडाळलं, वरून चिमटी दाबली, खटकन बसली."

"चिरेला धार राहते. कापड फाटेल. पॉलिशपेपरनं घासावं लागेल."

"मग घासा!"

तो घासायला बसला. एक चिमटी घासायला त्याला पाऊण तास लागला. अशा सोळा हव्या होत्या. भिरभिरीनं मनातल्या मनात गुणाकार केला आणि तिच्या तळपायाला मुंग्या आल्या. चिमट्या गेल्या खड्ड्यात! तिनं तिन्ही थर एकावर एक टाचले, चारी कडांना परकराला असतो तसा नेफा शिवला आणि चार पाइप चार नेफ्यांतून सरसर ओवले. तासाभराचं काम. "घ्या," ती म्हणाली, "आता कोपरे जोडा आणि पाय लावा. मी दोरा घेऊन येते."

दोऱ्याच्या दुकानात ती थांबली असेल दहा मिनिटं. वाटेत भाजीवालीशी भांडली, ती पाच. परत आली तर आतली खोली भरून गेली होती. मध्ये गोधडी अशी ताणलेली की टिचकी मारली तर डफासारखी वाजावी. चार पाय, पायांना खालून चारी बाजूंनी आडवे पाइप. खाटेपेक्षा भक्कम काम. आणि हवेत तो ओळखीचा, नाकात झोंबणारा वास.

"हा वास कसला?"

नळमास्तर हातातल्या छोट्या डबीकडे बघायला लागला. डबीत ब्रश होता. ब्रश ओला होता.

"सोल्यूशन," तो म्हणाला.

"मी काय सांगून गेले होते?"

"चिकटवू नका म्हणून."

"मग?"

"हातानं लावलं. माझं लक्ष नव्हतं." तो खरंच गोंधळला होता. "अगं, चाळीस वर्षं सांधा म्हटला की ब्रश आला. हाताला वाटलं, गळलं तर?"

"काय गळणार होतं? चिंध्या?"

भिरभिरीनं एक कोपरा धरून ओढला. मग पाय लावून ओढला. मग नळमास्तरानं तिला कमरेला धरून ओढलं. सांधा ढिम्म हलला नाही. पुढे गल्लीत सांगायचे की त्या कोपऱ्याला त्यांनी ट्रक बांधला आणि ट्रकचाच बंपर निघून आला. ट्रक खोलीत कसा आला ते कोणी विचारलं नाही.

आता गोधडी नेफ्यांतल्या पाइपांवर, पाइप एल्बोत, एल्बो जन्माचे चिकटलेले. गोधडी सोडवायची तर पाइप कापायचा, नाहीतर नेफे उसवायचे, आणि नेफे उसवले की तिन्ही थर परत सुटे. तो धक्का पुरता बसतो न बसतो तोच भिरभिरीनं खुर्ची ओढली, बसली, आणि चौकटीची कड तिच्या छातीला लागली.

"ही एवढी उंच का?"

नळमास्तरानं टेप लावला. बत्तीस इंच. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

"बेसिनची उंची," तो म्हणाला. "तीसुद्धा हातानंच घेतली."

त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही. बोलायला थांबली नाही, असं म्हणा. बाहेरच्या खोलीतून आत, आतून गॅलरीत. मंगळवार संपला होता. हातात चार दिवस आणि एक सकाळ. खुर्चीवर उशा रचून बसून पाहिलं तर पाय लोंबकळायला लागले, आणि लोंबकळणारे पाय म्हणजे भिरभिरीला फाशीच. उडी मारून ती खाली उतरली आणि रागारागात, उभ्या उभ्याच, कडेला एक टाका घातला. मग त्याच्या पुढचा. टाका पुढे गेला तशी ती पुढे सरकली. कोपरा आला, वळली. दुसरी बाजू. वळली. फिरून पहिल्या टाक्यापाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाऊण तास झाला आणि आपण एकदाही फ्रिज उघडला नाही.

मग काय विचारता! बुधवारी ती चालली, गुरुवारी चालली. एक हात वर, एक हात चौकटीखाली, पाय खेकड्यासारखे आडवे. सुई इतकी तापायची की दोऱ्याला करपल्याचा वास यायचा. फरशीला चौकटीभोवती वाट पडली. नळमास्तर जेवणाचं ताट घेऊन तिच्यामागून फिरायचा आणि वळणावर एकेक घास द्यायचा. गुरुवारी रात्री तिनं पावलं मोजली असती तर शेजारचं शहर ओलांडून ती पलीकडच्या टेकडीवर पोचली असती. कडेपासून आत, वेढ्यावर वेढा, टाके ओळीनं उतरत गेले. जन्मात पहिल्यांदा तिला एखादं काम संपताना दिसायला लागलं आणि त्या नादात ती आणखी जोरात चालायला लागली.

शुक्रवारी दुपारी हात पोचायचा थांबला.

सहा फुटांची गोधडी. चारी बाजूंनी दोन दोन फूट आत हात जातो. मध्ये उरला दोन फुटांचा चौकोन, बरोबर भिंगाच्या खिशाभोवतीचा. वरून ओणवं व्हावं तर कड पोटात रुतायची. खाली निजून सुई वर घालावी तर ती परत खाली ढकलायला वर कोणी हवं. नळमास्तराला वर उभा केला. त्याच्या बोटांना पाइप कळायचा, सुई नाही. पाच टाके घालायला तास लागला आणि त्यातले दोन त्याच्या बोटात गेले. भिरभिरी खाली पडल्या पडल्या तळमळत होती. वर छत म्हणून बाबांच्या शर्टांचं अस्तर, चारी बाजूंना पाइप, आणि हलायचं नाही!

"मला नाही जमत," ती बाहेर आली. शनिवार असाच गेला. ती चौकटीभोवती फिरत राहिली, सुई न चालवता.

रविवारी अकराला एक मिनिट कमी असताना बेल वाजली. बाबांची थोरली मुलगी, तिची वेळ कशी चुकेल?

ताई थेट आतल्या खोलीत गेली. पर्स काखेत तशीच. चौकटीभोवती एक फेरी मारली, कडेचे टाके चष्म्याखालून तपासले आणि मधल्या चौकोनाशी बोट दाखवलं.

"हे?"

"हात पोचत नाही," भिरभिरी म्हणाली.

"म्हणजे पूर्ण नाही."

"एवढंच राहिलंय गं, ताई. बाकी बघ ना, मी चार दिवस..."

"स्वेटरचीही एवढीच बाही राहिलीय." ताईनं पर्स खुंटीला लावली. "भावजी, त्या बाजूनं धरा."

नळमास्तरानं बिचाऱ्यानं धरलं. चौकट आडवी केली, उभी केली, तिरकी केली. दारात घुसवली आणि अडकली. ताई बाहेरच्या खोलीत, भिरभिरी आतल्या खोलीत, आणि मध्ये बाबांचे चौदा शर्ट दारात उभे. ताईनं ओढलं. भिरभिरीनं ढकललं नाही, पण धरलंही नाही. तिचे डोळे भरले होते.

नळमास्तरानं टेप काढला. "दार तीस इंच," तो म्हणाला. "चौकट बत्तीस."

"मग पाय काढा."

"निघत नाहीत. चिकटवलेत."

"चिकटवले? का?"

"गळू नयेत म्हणून," पलीकडून भिरभिरी हुंदका देत म्हणाली.

ताईनं डोळे मिटले. शाळेत असे डोळे मिटले की वर्गातल्या पालीसुद्धा चुकचुकायच्या थांबायच्या. "भावजी, करवत आणा. पाइप कापा."

चौकट परत आत नेऊन ठेवली. नळमास्तर अवजारांच्या पेटीकडे गेला. त्यानं पाने उचलून पाहिले, पकड उचलून पाहिली, पेटीच्या तळाशी हात घालून बराच वेळ खुडखुड केली. मग झाकण लावून हळूच पेटीवर बसला.

"करवत सापडत नाही," तो म्हणाला.

चाळीस वर्षांत ज्याचा वायसरसुद्धा हरवला नाही, तो माणूस!

भिरभिरी वळून त्याच्याकडे बघायला लागली. ताईही बघायला लागली. तो छताकडे बघायला लागला.

 शेवटी ताई चौकटीशी आली आणि तिनं तळहात लांबवला. खिशापर्यंत पोचला नाही. टाचा उचलल्या. तरी नाही.

"खालून कोणी सुई दिली तर?"

"तर वरून कोणीतरी परत द्यावी लागते," भिरभिरी म्हणाली.

"मग जा खाली. बघत काय बसलीस?"

"पण वर तू..."

"वर मी. स्टूल दे आणि जा."

भिरभिरी खालच्या पाइपावरून पाय टाकून आत शिरली आणि फरशीवर उताणी झाली. ताई स्टुलावर चढून पुढे वाकली. सुई खालून वर आली, वरून खाली गेली. बहिणी एकमेकींना दिसत नव्हत्या. मध्ये कापड.

"हलू नकोस. चौकट हलते," वरून आवाज आला.

"मी नाही हलत. माझा पाय हलतोय."

टाका. टाका. टाका.

"ताई."

"हं."

"तुला विचारायला हवं होतं."

सुई वरच थांबली. 

"मी रोज ट्रंक उघडायचे," ताई म्हणाली. "काढायचे नाही काही. नुसती उघडायची नि लावायची. तू एका दुपारीत कात्री चालवलीस."

"मला बघवेनात गं ते, घडी करून ठेवलेले. बाबा कधी घडीत होते का? खिशात सदा काहीतरी खुळखुळत असायचं."

सुई खाली आली. भिरभिरीनं ती पकडली. पाय अजून हलत होता, पण आता ताल धरून.

"बाबा तुला चौकापर्यंत पळवायचे," ताई म्हणाली. "घड्याळ दुरुस्त झालं की. जाऊन येऊन तुला बरोबर एक्क्याण्णव सेकंद लागायचे. काट्यानं एक्क्याण्णव सेकंद मोजले तरच घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायचे."

"आणि तू दिवा धरायचीस."

"हो, दिवा धरायचे. तुझा हात स्थिर आहे म्हणायचे." स्टूल करकरलं. "मलाही पळायचं होतं. एकदासुद्धा पाठवलं नाही मेल्या त्या घड्याळांनी."

भिरभिरीला खाली हसू फुटलं. आवरेना. चौकट थरथरायला लागली.

"हसू नकोस, टाका वाकडा जाईल!" असं म्हणता म्हणता ताईचाच टाका वाकडा गेला. तो अजून तिथं आहे, खिशाच्या डाव्या बाजूला. तिनं उसवू दिला नाही.

उन्हं खिडकीतून सरकत उभ्या पलंगावर गेली तेव्हा मधला चौकोन भरला होता. भिंगाच्या खिशाभोवती टाक्यांचा गोल वेढा, एक टाका वरच्या हाताचा, एक खालच्या. भिरभिरी बाहेर आली. केसांना धूळ, पाठीला फरशीचा गारवा. जवळजवळ तीन तास ती एका जागी निजली होती. नळमास्तर पुढे आयुष्यभर तारीख सांगायचा.

"झालं," ती हळूच म्हणाली. "ताई, झालं ना?"

ताई स्टुलावरून उतरली, कंबर सरळ केली, चष्मा पुसला. "नेफे उसवून काठ दुमडायचे राहिलेत."

भिरभिरीचा चेहरा पडला. "म्हणजे नेणार?"

"पूर्ण नाही ना झालेली?"

"नाही."

"मग? अर्धवट काम मी माझ्या घरात ठेवत नसते. पुढच्या रविवारी अकरा वाजता येते. आणि त्या स्वेटरची दुसरी बाही मला दिसली पाहिजे."

तिनं खुंटीवरची पर्स घेतली. पण दाराकडे न जाता चौकटीच्या कोपऱ्याशी गेली. तिथून दुसऱ्या कोपऱ्याशी. मग भिरभिरीनं पाडलेल्या वाटेवरून, पर्स काखेत, एक फेरी चालून पाहिली. दुसरी जरा जोरात. तिसरीला तर तिनं पदर खोचला. फेरी संपवून परत आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

दारात चप्पल घालता घालता ती थांबली.

"भावजी, करवत सापडली का?"

नळमास्तर अजून पेटीवरच बसला होता. "नाही, ताई."

"बरं. शोधू नका."